पोपटी ब्लाऊजच्या बाह्या

मैना अठरा वर्षांची झाली ती एक जूनला. अमरावतीच्या ज्या बालगृहात ती वाढली, तिथल्या नऊ पोरींचा वाढदिवस एक जूनच होता. खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती आणि शाळेच्या दाखल्याला ही सोयीची पडे. त्या सकाळी ती कायद्यानं मोठी झाली, दुपारी पाहुण्यांची भाषणं ऐकली आणि संध्याकाळी भेट मिळालेली शिलाई मशीन घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसली.

त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशीचं काही खरं नव्हतं, पण शिलाई मशिनींचं पीक दांडगं होतं. विधवा दिसली, द्या मशीन. पोर निराधार, द्या मशीन. कपडे शिवून घेणारी माणसं मात्र कुणी वाटत नव्हतं. मैनाला शिवणाचा तिटकारा, पण तिला विचारतो कोण?

अकोल्यात आबेदाखालाच्या शिवणाच्या दुकानात तिची सोय लावून दिली होती. खाला तोंडाची फटकळ, पण वाढताना हात सढळ. खोड एकच. गिऱ्हाईक आलं की मैनाकडे बोट करून म्हणायची, "यतीम है बेचारी. कोई नहीं इसका." गिऱ्हाईक चुकचुकायचं. मैनाला वाटे, दुकानात टांगलेल्या नमुन्यांतला आपणही एक.

पातूरची रुख्मिणी झेंडू विकायला अकोल्यात येई. तिचा पोपटी ब्लाऊज त्या दिवशी न्यायचा होता. सकाळपासून पाचव्यांदा 'बेचारी' ऐकल्यावर मैनानं कात्री उचलली आणि समोर पडलेल्या त्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या कचाकच छाटून टाकल्या.

खालानं बालगृहाला फोन लावला. "ले जाव अपनी लडकी!"

आली प्रतीक्षाताई, बालगृहाची नवी समुपदेशक, नुकतंच कसलंसं प्रशिक्षण घेतलेली. म्हणाली, "हाकलायचं नंतर बघू. ज्यांना ज्यांना लागलं, ते आधी गोल बसू. ज्याच्या हातात टेप, त्यानंच बोलायचं."

"गोल काहून? पंगत हाय का?" ब्लाऊज न्यायला आलेल्या रुख्मिणीनं विचारलं.

बसले. खालानं कापड मोजायची टेप हिसकावली ती पंधरा मिनिटं सोडली नाही. बाह्यांवर बोलली, गुडघेदुखीवर बोलली, सरकारवरही बोलली. मग टेप रुख्मिणीकडे गेली.

"माह्या घरचा तापानं गेला," ती म्हणाली. "चार वर्सं झाली. सासू म्हणे पांढरं घाल, जाऊ म्हणे करडं घाल. यंदा भाचीच्या लग्नाले मी पयल्यांदा माह्या मनानं रंग निवडला. पोपटी. थोच कापला पोरीनं."

मैना खाली बघत राहिली. रागानं पेटून बसली होती, आता मान वर होईना. टेप हातात आली तेव्हा तिनं बोटांना गुंडाळून गुंडाळून तिचा पार गुंता केला.

"चुकलंच माह्यं, मावशी. राग तुमचा नव्हता. खाला, तुमी मले बेचारी म्हणता ना, थे मले मारल्यावानी लागते. अन् मले शिवणकाम अजिबात आवडत नाई. माही मशीन घ्या, मावशी."

"मशीन घिऊन का करू? झेंडू शिवू?" टेप नसतानाच रुख्मिणी बोलली, आणि पहिली हसली ती खाला.

प्रतीक्षाताईनं विचारलं, "मग भरपाई काय करायची?"

"दसऱ्यापोतर माह्या मळ्यात फुलं तोडाले ये," रुख्मिणी म्हणाली. खालानं छाटलेले तुकडे गोळा केले. मग बाह्या मीच नव्या लावीन म्हणाली, आणि तो शब्द पुन्हा तोंडातून जाणार नाही असं पुटपुटली. लग्नाआधी बाह्या लागल्या. रंग जरा वेगळा पडला, तर रुख्मिणीनं जावेला फॅशन म्हणून सांगितलं.

मैना पातूरला गेली. फुलं तोडण्यात ती सामान्यच, पण स्टँडवर ओरडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दहा वाजेस्तोवर टोपली रिकामी. दसरा झाला, दिवाळी झाली, रुख्मिणीनं जा म्हटलं नाही आणि मैनानं विचारलं नाही. ईदला मात्र ती अकोल्याला खालाकडे गेली, शीरखुर्मा ओरपून आली.

हिवाळ्यात तिनं मतदार यादीत नाव घालायचं ठरवलं. खाला आणि रुख्मिणी, दोघीही तहसीलला हजर. फॉर्मवर एक रकाना होता: नातेवाइकाचे नाव.

"मेरा लिख. पहले मैंने संभाला," खाला म्हणाली.

"राह्यते माह्या घरी, अन् नाव तुह्यं?" रुख्मिणीनं फॉर्मचं दुसरं टोक धरलं.

कारकून चहाचा कप घेऊन बघत राहिला. मैनानं खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, अजून एक फॉर्म द्या. हा फाटला."