झाकण उघडं ठेवून मुरवलेली

मी बोलतेय, इथून, फडताळाच्या अगदी वरच्या खणातून. मुठीत मावेल एवढी बाटली मी, पण माझ्यापायी या घरात काय झालं ते ऐका.

सडबरी गावातल्या निकेलच्या खाणीत राबणाऱ्या मार्सेलने मला स्वतःच्या हातांनी भरलं. जिना चढला तरी त्याच्या छातीचा भाता व्हायचा. डॉक्टरीणबाईंनी सुनावलं होतं, "सिगरेट सोड, नाहीतर पोरीचं लग्न बघायची आशा सोड." म्हणून तो ई-सिगरेटवर आला आणि तिच्यात भरायचा रस घरीच करू लागला. थोडं निकोटीन, व्हॅनिला, कस्टर्डचा अर्क.

तेव्हा मी पाण्यासारखी होते. घाईने एक झुरका घेऊन त्याने तोंड वेडंवाकडं केलं. "शी! साबण चाटल्यासारखं लागतंय." ताजा रस असाच लागतो. मुरला की टोचणारा उग्रपणा जातो, व्हॅनिला पुढे येते आणि हवेने निकोटीनला रंग चढतो. मुरायला अंधार हवा, ऊब हवी, म्हणून माझी जागा हीटरजवळच्या खालच्या कपाटात. मार्सेल रोज मला हलवी, उजेडात धरून रंग बघे.

"बायकोकडे कधी इतकं निरखून पाहिलंयस?" कोलेट टोमणा मारी.

"तूही मुरलीस की बघेन!"

दोघं हसत. त्याला आता न खोकता हसता येऊ लागलं होतं. पूर्वी सिगरेटच्या वासाने नाक मुरडणारी चार वर्षांची लेक आनिक खुशाल त्याच्या मांडीवर बसू लागली.

महिन्याभरात मी मधाच्या रंगाची झाले. तरी किंचित उग्र वास राहिलाच. अशा वेळी घरी रस करणारी मंडळी झाकण काढून बाटलीला श्वास घेऊ देतात. त्यानेही तेच केलं, आणि मला त्याच खालच्या कपाटात ठेवलं. मेल्याला एवढं कसं सुचलं नाही!

सकाळी कपाटभर पुडिंगचा घमघमाट. आनिकने मला उचललं आणि तोंडाला लावलं. मी काय करणार होते?

"ममा, हे पुडिंग कडू आहे!"

मग ओकाऱ्या, थरथर, पांढरे पडलेले ओठ, अँब्युलन्स. रस किती कडक आहे ते बघायला मलाही सोबत नेलं. देवाची कृपा, पोर वाचली.

"माझ्या पोरीला मीच विष पाजलं," म्हणत मार्सेल ढसाढसा रडला. घरातल्या बाकीच्या बाटल्या त्याने फेकून दिल्या आणि सिगरेटचं पाकीट घेऊन आला.

"ते नको रे," हॉस्पिटलातून परत आणलेली मी पर्समधून काढत कोलेट म्हणाली. "ही एक मी झाकण लावून वर ठेवते. तिचा हातच पोचणार नाही." तो पाकीट घेऊन बाहेर गेला.

आता मी गडद तपकिरी झालेय, मऊ, गोड. इतका मुरलेला रस त्याने कधी चाखला नसेल. तो मात्र बाहेर बर्फात उभा राहून धूर काढतो, वाकून वाकून खोकतो. आत आला की आनिक नाक दाबते. "पापा, तू लांब बस." तो लांब बसतो.

अरे मार्सेल, घात उघड्या झाकणाने केला रे. आता झाकण घट्ट आहे. घे ना मला खाली.