तबकडीच्या तळातली घंटा

बाबाजाननं तिसऱ्यांदा सुई उचलली आणि तबकडीवर थोडी मागं नेऊन ठेवली. "ह्या खेपेला येईल," तो स्वतःशीच पुटपुटला आणि कान प्लेअरला जवळजवळ टेकवला.

भिंगारच्या बाजारपेठेत त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या जळक्या मोटरी चाळीस वर्षं त्याच्याकडं येत होत्या. नवी तार भरून झाली की मोटर चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मोटरीचं दुखणं लोखंडातून चढत त्याच्या कानात यायचं. मग तो "जा घेऊन" म्हणायचा, आणि त्यापुढं गिऱ्हाईक काही विचारत नसे.

गेल्या महिन्यात ते "जा घेऊन" खोटं पडलं. जेऊरच्या भीमाची मोटर पंधरा दिवसांत जाम होऊन परत आली. "विहिरीत गाळ हाय तुझ्या," बाबाजान त्याच्यावरच खेकसला. भीमा मोटर परत टेम्पोत टाकून गेला. तेव्हापासून बाबाजान बसला की उठे, उठला की बसे. घास तोंडात घेऊन चावायचं विसरे.

आणि ही तबकडी. मूळची संगमनेरची, नगरात नोकरीला असलेली राजेश्वरी अडीच महिन्यांपूर्वी तिच्या वारलेल्या वडलांचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली होती. त्याची मोटर घरघर करत अडली होती. लावून बघायला म्हणून ही एक तबकडीही तिनं ठेवली. वेष्टनावर भला थोरला केशरी डोळा आणि त्यातून मेणासारखे ओघळणारे निळे डोंगर. पन्नास वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला जॅझ, ती म्हणाली होती. बाबाजानला त्यातलं काय कळणार? पण मोटर फिरली, सुई टेकली, आणि आधी आली तंबोऱ्यासारखी घुमघुम. मग सॅक्सोफोन, धुपाच्या धुरासारखा वळत वळत वर जाणारा. तो थांबला, आणि घुमघुमीच्या तळाशी एक बारीक घंटा वाजली. लांबच्या माळावर चुकलेल्या वासराच्या गळ्यातली असावी तशी. सात वेळा.

पहिल्या दिवशी सात. पुढं पाच. मग तीन. काम कधीच झालं होतं, पण त्यानं राजेश्वरीला कळवलं नाही. रोज दुपारी तबकडी लावायची आणि घंटा मोजायची, एवढा एकच चाळा जिवाला लागला. शेवटी काल तिचाच फोन आला. आज ती न्यायला येणार होती.

आणि आज एकही घंटा आली नव्हती.

डबा घेऊन त्याची बायको मलिका आत आली. त्यानं तिचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं.

"ऐक. सॅक्सोफोन थांबला की घंटी येते. मोज."

"अहो, जेवा आधी. भाकरी गार झाली."

"मोज म्हणतो ना!"

मलिका ऐकत राहिली. "गाणं कधी सुरू व्हायचं?"

"हेच गाणं."

"या अल्ला! मला वाटलं तुमची मोटर चालू हाय."

एरवी तो हसला असता. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. सॅक्सोफोन थांबला. त्याच्या कानात नुसती घुमघुम उरली. मलिकानं करंगळी मिटली. मग तिच्याशेजारचं बोट. बोटांमागून बोटं मिटत गेली, एक हात संपला, दुसऱ्या हाताची दोन मिटली, आणि ती थांबली.

"सात," ती म्हणाली. मग त्याच्या डोळ्यांत बघून हळूच म्हणाली, "तुम्हाला न्हाई आली?"

त्यानं सुई उचलून ठेवली. "मला वाटलं, सुईत कचरा हाय. आठ दिवस सुईच पुसतोय."

चारच्या सुमाराला राजेश्वरी आली. तिनं प्लेअरवरून हात फिरवला. "चाचा, इतके दिवस लागले! मोटर एकदम ठीक आहे ना? आता फिरताना घरघर नाही ना करत?"

"जा घेऊन" जिभेवर आलं. चाळीस वर्षांची सवय, आपोआप आलं. बाबाजाननं ते गिळलं.

"ताई, काम दोन महिन्यांपूर्वीच झालं. मीच ठेवून घेतला. चुकलं माझं. घरघर हाय का न्हाई ते मला इचारू नका. मला बारीक आवाज येत न्हाईत आता. तुमीच ऐका."

मलिका पदर सावरत भिंतीकडं वळली. राजेश्वरीनं तबकडी लावली आणि उभ्यानंच ऐकली, पार शेवटापर्यंत.

"नाही करत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तबकडी घंटेपाशी आली की बाबा हात वर करायचे. म्हणजे घरात कुणी बोलायचं नाही."

"पहिल्या दिवशी मलाबी आलती," बाबाजान म्हणाला. "सात."

ती गेली. बाकावर प्लेअरच्या जागी धुळीत एक चौकोन उरला. बाबाजान त्या चौकोनाकडं बघत दुकानात दोन फेऱ्या मारून आला आणि त्यानं भीमाला फोन लावला. स्पीकरवर, आवाज पूर्ण मोठा.

"भीमा, बाबाजान बोलतोय. तुझ्या विहिरीत गाळ न्हाई. बेअरिंग वाजत हुतं, माझ्या कानाला कळलं न्हाई. घेऊन ये मोटर, बेअरिंग बदलून देतो."

"मंग आता पास कोन करनार, बाबाजानभाई?"

"नगरात त्या करणनं नवं दुकान टाकलंय, त्याच्याकडं मोटर तपासायची मशीन हाय. मी स्वतः नेऊन दाखवीन त्याला."

"त्या पोराकडं? तुमी?"

"व्हय, मी. माझे कान गेलेत. हात हायेत अजून."

"उद्या येतो," भीमा म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता, "चहा ठेवायला सांगा वहिनीला."

फोन ठेवून बाबाजान खाली पोत्यावर बसला. एक उघडी मोटर त्यानं मांडीशी ओढली आणि खाचेत तांब्याची तार सोडायला सुरुवात केली. अंगठ्याखालून एकेक वेढा सरकत होता आणि ओठ हलत होते. अकरा, बारा, तेरा.

मलिका डबा उघडत होती. त्याचे ओठ हलताना दिसले तशी ती थांबली. त्याची मोजणी चुकू नये म्हणून तिनं झाकण अगदी अलगद, आवाज न करता, खाली ठेवलं.