सोमवारी खिडकीत

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. माझा उजवा जोडीदार शेजारीच असतो, पण त्याला या गोष्टीतले फारसे ठाऊक नाही. जे घडले ते माझ्या बाजूला घडले.

मित्रांनो, कारखान्यात मी साच्यातून बाहेर आलो तेव्हा तिथल्या बाईंनी माझ्या तळव्यावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला आणि भरून आला. तेच माझे आयुष्य. दाबले गेलो की पुन्हा वर यायचे. फक्त त्याला वेळ लागतो, एवढे लक्षात असू द्या.

मला विकत घेतले छापखान्यातल्या एका मशीनमनने. चोवीस वर्षे तो एका जागी उभा राहून यंत्र चालवत होता. "आयुष्यभर कागद पळवला," तो बायकोला म्हणाला, "आता एकदा मी पळणार. बेचाळीस किलोमीटर." बायको हसली खरी, पण दुसऱ्याच दिवशी तिने सरांना गाठले. सर म्हणजे निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. त्यांनी तक्ता करून दिला आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटला. रविवारी लांब पल्ला, सोमवारी पूर्ण विश्रांती, मंगळवारी पुन्हा पळायचे. जाता जाता त्यांनी मला हातात घेऊन सांगितले की लांब पल्ल्यानंतर बुटालाही एक दिवस मोकळा द्यावा, कारण आतला फोम दबलेला असतो.

इथेच घोटाळा झाला. मशीनमन होता यंत्रावर जीव लावणारा. आठवड्यातून एक दिवस मशीन बंद ठेवून तेलपाणी करायचा नेम त्याने कधी मोडला नव्हता. बुटाची सूचना त्याने शिरसावंद्य मानली. रविवारी मला पळवून आणले की तो माझी माती पुसायचा, छापखान्यातली रद्दी माझ्या पोटात कोंबायचा आणि सोमवारी मला खिडकीत वाऱ्याला ठेवायचा. आणि स्वतः? नवा निळा जोड चढवून पळायला जायचा. बूट बदलला म्हणजे विश्रांती झाली, अशी त्याची समजूत. सोमवारच्या चौकोनात तो अगदी प्रामाणिकपणे बरोबरची खूण करायचा. बायकोला वाटायचे, कामाला लवकर निघाला.

सुरुवातीला कौतुक फार झाले. छापखान्यात सगळे त्याला 'एक्स्प्रेस' म्हणू लागले. त्या नावाने तो आणखीच चढला.

मला मात्र दर रविवारी कळायचे. मी ताजातवाना, आणि माझ्यात उतरणारा पाय ओल्या पोत्यासारखा जड. तो बाहेरच्या कडेवर पडू लागला, माझी टाच तिरकी झिजली. नडगीतली कळ माझ्यापर्यंत उतरायची. मित्रांनो, मलाही जीभ आहे, पण ती नाड्यांखाली दडपलेली. माझी नाडी तुटावी, शिवण उसवावी, म्हणजे हा थांबेल, असे मी मनोमन विनवीत राहिलो. पण मी पडलो मजबूत. काही केल्या उसवलो नाही.

एकदा बायकोने मला उजेडात धरून विचारले की डावाच का एवढा झिजला. तो म्हणाला, "बूटच बाद झालाय. पाय ठणठणीत आहे." मला फार लागले ते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शर्यतीला चार आठवडे उरले होते. त्या रविवारी बत्तीस किलोमीटर पळायचे होते. पंचविसाव्या किलोमीटरला पुलाच्या उतारावर पाय आदळला आणि आत बारीक तडा गेला. आवाज झाला नाही, पण मला तो जाणवला. त्यानंतरही तो दोन किलोमीटर पळाला. थांब रे, थांब, म्हणून मी आक्रोश करत होतो आणि पाय येतच होता. शेवटी तो फुटपाथवर बसला आणि दोन्ही हातांनी मला उपसून काढले.

हाडाला चीर होती. प्लॅस्टर चढले, शर्यत हुकली. सर घरी आले आणि सोमवारी काय करत होता म्हणून विचारले. तो काहीच लपवू शकला नाही.

"बुटांना दुसरा जोड आणलात," बायको हळूच म्हणाली. "पायांना कुठून आणणार होतात?"

त्याने तोंड फिरवले. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

आता प्लॅस्टर निघाले आहे. चालायला हरकत नाही, पळायचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आज सोमवार. घरात कोणी नसताना त्याने मला खिडकीतून उतरवले, रद्दी काढली आणि पाय घातला. पाय इतका वाळला आहे की माझ्यात सैल पडला. त्याने नाडी आवळली. नको रे बाबा, एवढेच मी म्हणत राहिलो. तो तक्त्यासमोर आला, स्वतःच केलेल्या सोमवारच्या खुणांकडे बघत बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसून त्याने नाडी सोडली, माझ्या पोटात रद्दी भरली आणि मला जागेवर ठेवले. स्वतः खुर्चीत बसला आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर पाय ठेवला.

मित्रांनो, मी तर नुसता फोम. मलाही वर यायला एक दिवस लागतो. तुम्ही हाडामांसाचे आहात, तुमचा दिवस दुसऱ्या कुणाला देऊ नका, बुटालाही नाही.

आणि एक विनंती आहे. मंगळवारच्या चौकोनात अजून 'पळणे' असेच लिहिलेले आहे. उद्या सकाळ व्हायच्या आत कुणीतरी तो तक्ता दारावरून काढा.