दोन वजनकाटे

शिडीवरून उतरताना रंगारीबुवांचा डावा पाय जमिनीला टेकला आणि गुडघ्याने दगा दिला. बुवा मागच्या मागे बसले ते थेट रंगाच्या ट्रेमध्ये. लागलं-बिगलं काही नाही, पण घरी आले तेव्हा विजार मागून पिस्ता रंगाची झाली होती.

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होती. दुसरी कुणी असती तर आधी विजार भिजत घातली असती. हिने विचारलं, "अहो, पाय कुठला?"

"डावा. अगं, सहासष्ट झाली, वय झालं."

"वयाचं नका सांगू, पायाचं सांगा. गेल्या महिन्यात जिन्यात अडखळलात तेव्हाही डावाच होता."

मग दोन दिवस ती त्यांच्याकडे बघतच राहिली. खुर्चीतून उठताना बुवा डावा पाय पुढे सरकवायचे आणि सगळा जोर उजव्यावर द्यायचे. जिन्यातही प्रत्येक पायरीवर आधी उजवा. डावा आपला पाहुण्यासारखा मागून यायचा.

तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्यांचा वजनकाटा मागून आणला. घरचा एक होताच. आधी दोन्हींवर पिठाचा डबा ठेवून पाहिला. शेजाऱ्यांचा काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. तेवढे वजा करायचं ठरवून तिने खुर्चीपुढे दोन्ही काटे मांडले.

"एकेक पाय एकेकावर. आता सावकाश उठा."

उजवीकडे चव्वेचाळीस, डावीकडे चोवीस. काट्यांची अदलाबदल केली, तरी तेच.

बुवा चक्रावले. शिडीवर आपण उभे कसे राहतो, ते आठवून बघू लागले. उजवा पाय पायरीवर, डावा नुसता टेकवलेला. "पण पूर्वी मी डाव्यावर उभा राहायचो गं! तो घोटा मुरगळला होता ना, महिनाभर प्लास्टर होतं..."

"त्याला दहा वर्षं झाली. घोटा बरा झाला आणि सवय तशीच राहिली."

मग ती स्वतः बसली, ऐटीत उठली. डावीकडे सदतीस, उजवीकडे वीस. हिला तर कधी साधी लचकही भरली नव्हती.

"घ्या!" बुवा म्हणाले. त्यांना जरा बरंच वाटलं.

दोघं फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्या मुलीने एकेक पाय यंत्राला लावून ताकद मोजली. बुवांचा डावा पाय उजव्यापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमजोर निघाला. बायकोचे पाय मात्र सारखेच.

"असं कसं? काटे खोटं बोलतात?"

"नाही आजी. तुम्ही कुठल्या पायावर किती भार टाकता, ते काट्याला कळतं. पायात ताकद किती आहे, ते नाही कळत. बहुतेकांच्या दोन पायांत थोडा फरक असतो, वयानुसार कुणाकुणाचा वाढतो. आजोबांचा कमी करता येईल. तुम्ही उजव्याला का टाळता, ते मात्र मला सांगता येणार नाही."

बुवांनी व्यायाम मनावर घेतला. सुरुवात नेहमी डाव्या पायाने, उजव्यालाही सुट्टी नाही. तीन महिन्यांनी यंत्रावर फरक निम्म्याहून कमी झाला आणि त्यांनी पुन्हा कामं घेतली, फक्त बुटक्या शिडीवरची. बायको मात्र स्वतःच्या कोड्यात अडकलेली. चपलांचे तळ तपासून झाले, झोपायची कूस बदलून झाली, काही हाती लागेना.

एका सकाळी ती ओट्याशी भाजी चिरत होती. बुवा दारातून ओरडले, "हलू नकोस! खाली बघ."

तिने पाहिलं. ती डाव्या पायावर उभी होती आणि उजवं पाऊल आरामात डाव्या पावलावर चढवून ठेवलेलं होतं.

"अगंबाई! हे कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून बघतोय. मला वाटलं, तुला माहीत असेल."