नॉर्डरडाउनची वल्ह्यांची बोट

मी एक बोट. वादळात सापडलेल्या माणसांना किनाऱ्यावर आणण्यासाठी मला बांधलं. आज मी समुद्रापासून तीनशे पावलांवर, छपराखाली, लाकडी ठोकळ्यांवर बसून आहे.

नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर नॉर्डरडाउन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. ओकच्या बरगड्या, वर फळ्या, दहा वल्ही. जहाज संकटात असल्याची खबर आली की आठ घोडे मला वाळूवरून ओढत थेट लाटांत नेत. कोळी, बेकरीवाला, शाळामास्तर, जो हाती लागेल तो वल्ह्यावर बसे. वाचलेली माणसं माझ्या तळाशी थरथरत पडायची. कुणी रडायचं, कुणी ओकायचं. मला कधी किळस आली नाही.

पुढे इंजिनाच्या बोटी आल्या आणि मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे जाऊन पडले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. तिथून मला गावातल्याच वाउटरने सोडवलं. त्याचे आजोबा माझं वल्हं मारत. त्याने मला खरवडलं, रंगवलं आणि गावच्या जुन्या बोटघरात आणलं. आता पर्यटक येतात. आधी चर्चचा बुटका मनोरा, मग दीपगृह, मग टेकडीवरची कोळिणीची दगडी मूर्ती, आणि पाय दुखू लागले की मी.

चार वर्षांपूर्वी विशाखा इथे शनिवार-रविवार काम करायला लागली. पगार नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती पुण्याहून द हेगला आली होती, डच बोलायची सवय व्हावी एवढाच हेतू. वाउटरने तिला गावाचा सगळा इतिहास शिकवला. इथल्या पाण्याबद्दलही शिकवलं. दोन वाळूच्या पट्ट्यांमधून पाणी माणसाला खोल समुद्रात ओढून नेतं, त्याला इथे ‘मुई’ म्हणतात. वरून पाणी शांत दिसतं, तीच जागा वाईट. विशाखा येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायची. अडखळत, पण न चुकता.

तो जूनमधला रविवार होता. उकडत होतं. तिचा नवरा रणजित आणि नऊ वर्षांची जुई दोघंही बरोबर आले होते. रणजितने दारातूनच विचारलं, “अगं, पिवळा झेंडा लावलाय. पोहायला चालतं ना?”

विशाखा तेव्हा जर्मन पाहुण्यांच्या घोळक्यात होती. “हो हो, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच,” ती म्हणाली. पिवळा झेंडा म्हणजे पोहायला धोका, पण तिने नीट ऐकलंच नव्हतं.

अर्ध्या तासाने जुई अनवाणी धावत आली आणि आईला डचमध्ये ओरडून म्हणाली, “ममा, बाबा दिसत नाहीये!”

विशाखा धावली. तिच्यामागे वाउटर. बोटघर उघडंच राहिलं. इंजिनाची बोट समुद्रात गेल्याचा आवाज मला ऐकू आला. माझी दहाही वल्ही माझ्याजवळ होती आणि मी ठोकळ्यांवर होते. रणजित सापडला, पण उशीर झाला होता.

पाच महिने ती आली नाही. नोव्हेंबरात एकदा आली आणि माझ्या कडेला हात टेकून उभी राहिली. भिंतीवर एक पाटी आहे, माझ्याबरोबर जाऊन परत न आलेल्या सहा जणांची नावं त्यावर आहेत. वाउटर हळूच म्हणाला, “तुला हवं असेल तर आम्ही त्याचं नाव घालू.”

“नको,” विशाखा म्हणाली. “ते लोक दुसऱ्यांसाठी गेले होते. रणजित पोहायला गेला होता.” मग थांबून म्हणाली, “जगाला सांगत फिरले मी, वाउटर. घरच्या माणसाला सांगायचं राहिलं.”

वाउटरने तिला खुर्ची दिली.

जुई मात्र या गावी यायलाच तयार नव्हती. ती त्यानंतर या वसंतात पहिल्यांदा आली. मनाई असूनही माझ्यात चढली, फळीवर बसली. वल्हं उचलून पाहिलं, हललं नाही. एरवी आईला डचमध्ये उत्तर देणारी ती पोर मराठीत म्हणाली, “आई, त्या दिवशी ही गेली असती तर?”

“ही सुकलीये गं. फळ्यांत फटी पडल्यात. पाण्यात गेली असती तर हीच आधी बुडाली असती.”

हे खरं आहे. कोरड्या छपराखाली जपून जपून मी अशी झाले. लोक मला वारसा म्हणतात, माझ्यासमोर हसत फोटो काढतात. काढा. पण इथून समुद्राकडे निघालात की दारातली बाई तुम्हाला थांबवेल. तुमची मुलं हात ओढत असोत की त्यांच्या हातात आइस्क्रीम असो, ती मुईबद्दल सगळं सांगितल्याशिवाय बाजूला होणार नाही. तिची डच अजून अडखळते. घाई करू नका. तिचं वाक्य पूर्ण होऊ द्या.