ऐंशी-ऐंशी कोणी अडवला

सलग तिसऱ्या दिवशी तिच्या टेस्टच्या रिपोर्टात लाल ओळी उगवल्या आणि तिचं पित्त खवळलं. खऱ्या चुका असत्या तर एक वेळ समजलं असतं. पण सगळ्या ओळींचं रडगाणं एकच: पोर्ट ८०८० रिकामा नाही.

पोर्ट म्हणजे काय, तर मशीनच्या आतली नंबर लावलेली खिडकी. एका खिडकीवर एका वेळी एकच प्रोग्राम बसतो, दुसरा आला की त्याला वाटेला लावतात. आणि या ऑफिसात टेस्ट, म्हणजे मोठा प्रोग्राम नीट चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवायचं मशीन चौदा जणांत मिळून एकच! सगळे त्याला धर्मशाळा म्हणत. कोणीही यावं, कुठेही पथारी पसरावी. म्हणून भिंतीवर तक्ता लावला होता, कोणाचा नंबर कोणता. तिच्या नावापुढे ८०८०, तिच्याच अक्षरात.

मधले अकरा महिने ती घरी होती. वडील जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि उठवाय-बसवायला घरात ती एकटी. आता ते काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जाऊन येत आणि वर तिलाच म्हणत, "जा बाई आता कामाला, माझं डोकं नको खाऊस." एवढ्या दिवसांनी नोकरीतली आपली जागा शाबूत कशी, याचं तिलाच नवल वाटलं होतं.

सोमवारी ती हजर झाली तेव्हा मॅनेजरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर जायची आहे. तोवर तुझ्या टेस्ट एकदा तरी हिरव्या दिसू देत. नाहीतर तुला फोन घ्यायला बसवावं लागेल, राग मानू नकोस."

सोमवारी तिनं नव्यानं लावलेल्या टेस्ट रोज अकराला आपोआप सुरू होत, रिपोर्ट साडेबाराला हातात येई. ती बघायला जाईपर्यंत खिडकी रिकामी आणि चोर पसार! बुधवारी तिनं तक्त्यावर चिठ्ठी डकवली: "अकरा वाजता ८०८० वर बसणाऱ्या महाभागा, तक्ता वाचता येत नसेल तर सांग, मी वाचून दाखवीन."

मास्तरांनी ती मोठ्यानं वाचली आणि पोट धरून हसले. मास्तर म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. दुसऱ्याच्या कामात चूक दिसली की सुधारल्याशिवाय घास उतरत नसे, म्हणून हे नाव. "सोडू नकोस हं त्याला!" ते म्हणाले.

गुरुवारी पावणेअकरापासून ती डोळ्यांत तेल घालून बसली. दर मिनिटाला मशीनला विचारायची, ८०८० वर कोण? कोणी नाही. कोणी नाही. अकराला पाच कमी असताना उत्तर आलं. बसणाऱ्याचं नाव तिचंच होतं.

तिनं डोळे चोळले. उघडून बघते तर तिच्याच जुन्या टेस्ट! पण मधे मधे परक्या ओळी होत्या, ती घरी होती त्या महिन्यांच्या तारखांच्या. प्रत्येक दुरुस्तीखाली एकच शेरा: "मालकीण आली की दाखवणे." हा हात ओळखायला काय वेळ लागणार!

"मास्तर, हे काय आहे?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! हे बंद करायचं राहिलं की माझं!"

"पण चालू कशाला केलंत?"

"तू गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मॅडम म्हणाल्या, जिचं काम बंद आहे तिची जागा कशाला अडवायची? मी म्हटलं, बंद कुठंय? तिच्या टेस्टचा रिपोर्ट रोज येतो, मी बघतो ना. एकदा बोलून बसलो, मग रोज यायलाच हवा की नाही?"

"अकरा महिने?"

"रविवार सोडून. टेस्ट तुझ्याच गं, उसवल्या की मी टाका घालायचो, एवढंच."

"आणि मी तुम्हाला महाभाग म्हटलं हो, मास्तर!"

"योग्यच म्हटलंस. थांब, आत्ता बंद करतो."

"खबरदार हात लावाल तर!" ती म्हणाली आणि हसता हसता रडली.

दुपारी दोघं मिळून बसले. ठरावीक नंबराचा हट्टच सोडला. पोर्ट शून्य मागितला की मशीन स्वतःच कुठली तरी रिकामी खिडकी काढून देतं. "हे मी चार वर्षं कानीकपाळी ओरडतोय," मास्तर कुरकुरले, "पण तुम्हाला तक्ताच प्यारा!"

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना मास्तरांच्या टेस्ट निघाल्या, अकराला तिच्या. दोन्ही हिरव्या. मॅनेजरबाई नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या, आणि तिच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी वडिलांबरोबर कोपऱ्यापर्यंत चालताना तिनं सगळं सांगितलं. ते काठीवर भार देऊन उभे राहिले. "म्हणजे इकडे तू मला उभं करत होतीस, आणि तिकडे तो तुला," ते म्हणाले.

सोमवारी ती लवकर आली आणि तक्त्यावरची चिठ्ठी काढून टाकली. मग टेस्ट उघडल्या. मास्तरांचे शेरे मोजले, सत्तावीस भरले. शेवटचा ती परतण्याच्या आदल्या शनिवारचा होता. एकेकाखाली ती लिहीत गेली: "मालकिणीनं पाहिलं." शेवटच्याखाली मात्र थांबली, आणि लिहिलं: "मास्तर, मी हे विसरणार नाही."