भट्टीचा नारळ

"भिवा, ये रे पुढं! यंदा नारळ तू फोडायचा," गुणाजी मुकादम ओरडला आणि लालबागच्या त्या ओतशाळेत टाळ्या पडल्या.

भिवा जागचा हलला नाही. कारखाना निघाल्यापासूनची रीत होती. दसऱ्याला भट्टीची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि मगच लोखंडाचा रस मुहूर्ताच्या साच्यात ओतायचा. भट्टी पेटवायची भिवाने, वर्षानुवर्षे तिच्या तोंडाशी भाजून निघायचं भिवाने. पूजेच्या वेळी मात्र महाराचा म्हणून तो दाराबाहेर. प्रसादाचा तुकडा वरून त्याच्या ओंजळीत पडायचा. एकदा तरी तो नारळ आपल्या हाती यावा म्हणून हा माणूस किती झुरला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आणि आता बोलावणं आलं, तेही कधी? दादरच्या चौपाटीवर दीक्षा घेऊन, देव पुजणार नाही अशी शपथ वाहून तो बौद्ध झाल्यावर!

"मोर्चात खांद्याला खांदा लावून होतो ना आपण?" गुणाजीने नारळ पुढे धरला. "संयुक्त महाराष्ट्रात कसली रे जातपात? सगळे मराठी!"

भिवाचा हात पुढे गेला. शेंडीला बोटं लागलीसुद्धा. मग त्याने तो मागे घेतला.

"मुकादम, मला पूजा चालत न्हाई आता. भट्टीचं भोक फोडतो, रस सोडतो. नारळ दुसऱ्याला द्या."

"ते तुमच्या चाळीत. हितं कारखान्याची रीत चालते."

"रीतीनंच भाईर उभा क्येला व्हता मला."

गुणाजी भडकला. "बघा! मान दिला तर पचत नाय ह्यांना. कितीबी करा, शेवटी जात ती जातच!"

मघाशी टाळ्या वाजवणारे आपापल्या साच्यांकडे वळले. सगळे मराठी म्हणून आलेला उमाळा तेवढ्यातच ओसरला. नारळ वाळू चाळणाऱ्या रघुने फोडला. भट्टीचं भोक मात्र भिवाकडूनच फोडून घेतलं, आणि साचा भरल्यावर गुणाजी म्हणाला, "उद्यापासनं भट्टीवर रघु. त्याला काम शिकव. मग तू वाळू चाळायची."

नायगावच्या चाळीत भिवाच्या बायकोने, सुंदराबाईने, ताट वाढलं. "काय, दिला का परसाद वरनं?" तिने खवचटपणे विचारलं.

"न्हाई. नारळच हातात देत व्हते."

"तुमाला? मग?"

"न्हाई घ्येतला."

"लई ब्येस क्येलंत!" ती अशी काही हसली, की वाळूचं सांगायला भिवाची जीभ रेटेना.

तो भाकरी मोडू लागला. गुणाजीचा राग होताच. पण त्याहून जास्त राग त्या बोटांचा होता. ती आपणहून पुढे गेली होती, आणि त्यांना तो नारळ अजूनही हवा होता.